पवईची मगर आणि उन्हाचा हिशेब

मगर कोठे राहते, असा प्रश्न वर्गात विचारला तर पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच उत्तर येईल : पाण्यात. हे उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे. मगर पाण्यात लपते, पाण्यात शिकार करते, संकट आले की पाण्यात शिरते, हे सारे खरे. पण तिचे शरीर ज्या उष्णतेवर चालते ती उष्णता ती काठावर मिळवते. अंडी काठावरच्या मातीत घालते. आणि त्या अंड्यांतून नर बाहेर येणार की मादी, हेही त्या मातीचे तापमान ठरवते. तेव्हा मगरीचे घर शोधायचे असेल तर पाण्याबरोबर काठही पाहिला पाहिजे.

जीवशास्त्राच्या पुस्तकातला हा प्राणी आज आपण पदार्थविज्ञानाच्या तासाला आणणार आहोत. उष्णता, विशिष्ट उष्णता, बाष्पीभवन, तरफ हे शब्द तुम्ही पाठ केलेले आहेत. ते सारे एका प्राण्याच्या अंगात कसे काम करतात हे पाहिले की पाठांतराचा शीण जातो. शिवाय त्यासाठी आफ्रिकेच्या जंगलात जाण्याचे कारण नाही. अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडहून बसने अर्ध्या-पाऊण तासावर मगरींचे एक जुने ठाणे आहे.

उपनगरातील शेजारी

मुंबईची पाण्याची गरज भागवण्यासाठी गेल्या शतकाच्या मागच्या शतकात साष्टीच्या डोंगरात तीन तलाव बांधण्यात आले. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई १८९१ मध्ये. विहार आणि तुळशी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, झाडीच्या आत आहेत. त्यांचे पाणी आजही पिण्यासाठी वापरले जाते. पवईच्या पाण्याचा दर्जा पिण्याजोगा राहिला नाही, त्यामुळे त्याचा उपयोग कारखाने, बागा अशा इतर कामांसाठी होत आला. आज पवईच्या एका बाजूला आय. आय. टी.चा परिसर आहे, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, आणि कडेने रात्रंदिवस वाहता रस्ता. या तिन्ही तलावांत मगरी आहेत. थंडीच्या दिवसांत पवईच्या काठावर किंवा पाण्यातून वर आलेल्या एखाद्या उंचवट्यावर ओंडक्यासारखी पडलेली मगर रस्त्यावरूनही अनेकांनी पाहिलेली आहे.

भारतात या गणातील तीन जाती आढळतात. लांब, निमुळत्या, काठीसारख्या तोंडाचे घडियाल चंबळ, गंगा अशा उत्तरेकडील नद्यांत राहते. खाऱ्या पाण्यातील प्रचंड मगर ओडिशातील भितरकणिका, सुंदरबन आणि अंदमान येथे आहे. आपल्याकडील तलावांत व नद्यांत राहते ती गोड्या पाण्यातील, रुंद तोंडाची मगर. तिचे शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘दलदलीतील’. इंग्रजीत तिला ‘मगर’ असेच म्हणतात, फक्त उच्चार थोडा बदलून. संस्कृतातल्या मकराचे आपल्याकडे झालेले रूप इंग्रजांनी जसेच्या तसे उचलले. पूर्ण वाढलेली मगर तीन-साडेतीन मीटर लांब होते, क्वचित त्याहूनही मोठी. मादी नरापेक्षा लहान असते.

‘थंड रक्ताची’ म्हणजे काय?

सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे असतात, असे आपण वाचतो. हा शब्द फसवा आहे. दुपारी उन्हातून नुकत्याच उठलेल्या मगरीचे रक्त चांगले गरम असते. खरा फरक उष्णता कोठून येते यात आहे. तुमच्या-माझ्या शरीरात अन्न जाळून उष्णता तयार होते आणि बाहेर थंडी असो वा ऊन, आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. मगरीच्या शरीरात अशी भट्टी नाही. तिच्या अंगाचे तापमान परिसराप्रमाणे बदलते. अशा प्राण्यांना अनियततापी म्हणतात.

पण अनियततापी असणे म्हणजे परिसराच्या हाती सर्वस्वी लाचार असणे नव्हे. मगरीचे स्नायू, तिचे पचन, तिची रोगांशी झुंजण्याची शक्ती, हे सारे अंगाचे तापमान ३० ते ३३ अंशांच्या आसपास असताना उत्तम चालते. म्हणून ती दिवसभर जागा बदलत राहते. सकाळी गार पाण्यातून उन्हात, दुपारी उन्हातून सावलीत किंवा पाण्यात, संध्याकाळी पुन्हा उबदार पाण्यात. आपला तापनियंत्रक शरीराच्या आत आहे. मगरीचा तापनियंत्रक म्हणजे पाणी, काठ आणि त्या दोहोंमधली तिची ये-जा.

एक सोपे गणित

थंडीत मगर उन्हात तासन्‌तास का पडून राहते? लोक म्हणतात, आळशी प्राणी आहे. आपण हिशेब करून पाहू.

समजा, ६० किलोग्रॅम वजनाची एक मगर जानेवारीच्या सकाळी काठावर आली आहे. तिच्या अंगाचे तापमान २२ अंश आहे आणि तिला ते ३० अंशांवर न्यायचे आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला दर अंशाला ४२०० ज्यूल. प्राण्याच्या शरीरात पाणी पुष्कळ असते, पण हाडे आणि चरबीही असते. म्हणून आपण ३५०० ज्यूल धरू. म्हणजे मगरीचे तापमान १ अंशाने वाढवायला ६० × ३५०० = २,१०,००० ज्यूल उष्णता लागेल.

आता जमेची बाजू. सकाळच्या उन्हातून दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे ५०० ज्यूल ऊर्जा मिळते असे धरू. मगरीच्या पाठीचा अर्धा चौरस मीटर भाग उन्हात आहे आणि तिची काळपट कातडी पडलेल्या उन्हापैकी ८० टक्के शोषून घेते, असे मानू. तर सेकंदाला मिळालेली उष्णता ५०० × ०.५ × ०.८ = २०० ज्यूल.

२,१०,००० भागिले २०० म्हणजे १०५० सेकंद, अर्थात साडेसतरा मिनिटे. एका अंशाला साडेसतरा, तर आठ अंशांना १४० मिनिटे. सव्वादोन तासांहून थोडा अधिक वेळ. तोही एक कणभर उष्णता वाया गेली नाही असे समजून! प्रत्यक्षात वारा उष्णता नेतो, खालची गार जमीन नेते, कातडीतून प्रारणानेही ती जाते. म्हणजे निदान तीन तास तरी हवेत. सकाळी नऊला आलेली मगर दुपारी बारापर्यंत हलली नाही, तर तिला आळशी म्हणू नका. ती काम करते आहे.

हेच गणित अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लासाठी करू. त्याचे वजन १०० ग्रॅम धरा. वजन ६०० पटीने कमी. पण पृष्ठभाग ६०० पटीने कमी होत नाही, तो सुमारे ७१ पटीनेच कमी होतो. वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते आणि पृष्ठभाग वर्गाच्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून पिल्लाला एका अंशासाठी लागतात अवघी दोन मिनिटे. पिल्लू लवकर तापते, पण तितक्याच लवकर गारही होते. मोठी मगर सावकाश तापते आणि मिळवलेली ऊब रात्री उशिरापर्यंत सांभाळते. लहान वाटीतला चहा आणि मोठ्या पातेल्यातला चहा यांतला हाच फरक.

मगरीजवळ आणखी एक युक्ती आहे. तिच्या पाठीवरच्या खवल्यांखाली हाडांच्या चकत्या असतात आणि त्यांच्या आसपास रक्तवाहिन्यांचे जाळे. ऊन घेताना तिच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि कातडीकडे जास्त रक्त जाते. ते पाठीवर तापून आतल्या अवयवांकडे उष्णता पोचवते. गार पाण्यात शिरली की ठोके मंदावतात, कातडीकडचे रक्त कमी होते आणि आतली ऊब आत राहते. त्यामुळे मगर जितक्या वेगाने तापते त्याहून हळू थंड होते.

उघडा जबडा आणि पाण्याचा माठ

काठावर जबडा वासून पडलेल्या मगरीचे चित्र तुम्ही पाहिले असेल. पाहणाऱ्याला वाटते, ही भुकेली तरी आहे किंवा चवताळलेली तरी. बहुतेक वेळा दोन्ही नसते. मगरीच्या कातडीला घाम येत नाही. तोंडाच्या आतील मऊ, ओलसर भागावरून पाण्याचे बाष्पीभवन होते आणि बाष्पीभवनाला लागणारी उष्णता डोक्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल लागतात. तुमच्या घरातला मातीचा माठ याच तत्त्वावर पाणी गार ठेवतो. बाकीचे अंग तापत असताना मेंदू फार तापू नये, याची ही सोय. मात्र मगरी कधी कधी पावसात किंवा रात्रीही जबडा उघडा ठेवतात. तेव्हा गारवा मिळवणे एवढाच त्याचा हेतू असतो असे म्हणता येत नाही.

काटकसरीचा संसार

आत भट्टी नसण्याचा एक मोठा फायदा आहे : इंधन फार थोडे लागते. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला नुसते पडून राहण्यासाठीसुद्धा दिवसाला सुमारे १५०० कॅलरी (किलोकॅलरी) लागतात. तेवढ्याच वजनाच्या मगरीचा विसाव्यातील खर्च त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे १५० कॅलरी असतो. मासळीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १०० कॅलरी असतात असे धरले, तर नुसते जगण्यासाठी मगरीला दिवसाला १५० ग्रॅम, आठवड्याला किलोभर मासळी पुरते. मोठी मगर काही आठवडे, वेळ पडल्यास महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते ती यामुळेच. उन्हाळ्यात तळे आटले तर मगर काठाच्या मातीत बीळ खणून त्यात पडून राहते. बिळात ना दुपारची होरपळ, ना पहाटेचा गारठा.

तिचे अन्नही साधे असते. पिल्ले किडे, बेडकांची पिल्ले, लहान मासे खातात. मोठ्या मगरी मासे, कासवे, पाणपक्षी, उंदीर-घुशी आणि संधी मिळाली तर काठावर आलेली कुत्री, शेळ्या पकडतात. मेलेली जनावरेही त्या खातात, त्यामुळे पाण्याची आपोआप सफाई होते.

मगरमिठीचे बल

‘मगरमिठी’ हा शब्द मराठीत सर्रास वापरतात. वास्तविक मगर कोणाला मिठी मारत नाही. तिची पकड जबड्याची असते. जबडा ही एक तरफ आहे. टेकू म्हणजे जबड्याचा सांधा, बल म्हणजे सांध्याजवळच्या जाडजूड स्नायूंची ओढ आणि भार म्हणजे दातांत सापडलेली वस्तू. अडकित्त्यात सुपारी सांध्याच्या जितकी जवळ ठेवाल तितकी ती लवकर फुटते. मगरीच्या जबड्यातही मागच्या दातांशी, सांध्याच्या जवळ, सर्वांत जास्त बल मिळते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी या गणातील सर्व २३ जातींच्या चाव्याचे बल मोजले आणि २०१२ मध्ये ते प्रसिद्ध केले. खाऱ्या पाण्यातील मगरीचे बल सुमारे १६,४०० न्यूटन भरले. म्हणजे दीड टनाहून जास्त वजनाचा दाब! आपली मगर आकाराने लहान, त्यामुळे तिचे बल यापेक्षा कमी. तरी हाड मोडायला पुरेसे.

गंमत अशी की जबडा मिटणारे स्नायू जितके बलवान तितके तो उघडणारे दुबळे. म्हणून वनखात्याचे लोक मगर पकडल्यावर तिचा जबडा दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधतात आणि तेवढे पुरते. निसर्गाने बल जेथे हवे तेथेच खर्च केले आहे. इथेही काटकसर आहेच.

पाण्यात दबा धरतानाही तिची रचना उपयोगी पडते. डोळे, नाकपुड्या आणि कान डोक्याच्या वरच्या बाजूला, जवळजवळ एका पातळीत आहेत. फुप्फुसांतील हवा कमी-जास्त करून ती आपली सरासरी घनता पाण्याच्या घनतेच्या आसपास आणते आणि एवढाच भाग वर ठेवून तरंगते. रात्री तिच्या डोळ्यावर विजेरीचा झोत टाकला तर ते तांबडे चमकतात, कारण डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. अंधुक प्रकाशाचा त्यामुळे दुप्पट उपयोग होतो. मगरींची गणना करणारे लोक रात्री हे चमकते डोळेच मोजतात.

मातीतील उबवणी

आता आपण या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. थंडीत नर-मादीचा मिलनकाळ असतो. पुढे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी काठाच्या उतारावर, पाण्याच्या पातळीच्या वर, मागच्या पायांनी खड्डा खणते. खड्डा साधारण हातभर खोल असतो. त्यात ती बहुधा २५ ते ३० अंडी घालते आणि माती सारखी करून टाकते. ती अंड्यांवर कोंबडीसारखी बसत नाही. उबवण्याचे काम माती करते.

माती हे काम किती अचूकपणे करते पाहा. एप्रिलच्या दिवशी उघड्या मातीचा पृष्ठभाग पहाटे २४ अंश आणि दुपारी ५० अंश असू शकतो. म्हणजे ३७ अंशांच्या वर-खाली १३ अंशांचा हेलकावा. ही उष्णतेची लाट मातीत खाली उतरताना झपाट्याने क्षीण होते. साधारण दर दहा-बारा सेंटिमीटरला हेलकावा जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. अशा तीन पायऱ्या उतरलो, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर खोल गेलो, की हेलकावा सत्ताविसाव्या हिश्श्यावर येतो. १३ अंशांचा राहतो जेमतेम अर्धा अंश! शिवाय लाट पोचायला वेळ लागतो, त्यामुळे वर दुपार असताना खाली पहाट असते. अंड्यांना रात्र आणि दिवस जवळजवळ कळतच नाहीत. मात्र जागेचे सरासरी तापमान काय आहे, हे त्यांना पक्के कळते. झाडाची थोडी सावली, मातीतला ओलावा, उताराची दिशा, खड्ड्याची खोली यांवर ते सरासरी तापमान ठरते.

आणि इथेच सर्वांत नवलाची गोष्ट घडते. माणसात मूल मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांवरून ठरते. मगरीत तशी लिंग ठरवणारी गुणसूत्रे नाहीत. उबवणीच्या मधल्या काळात अंड्याचे तापमान किती आहे, यावरून पिल्लू नर की मादी हे ठरते. मद्रासजवळ १९७६ मध्ये स्थापन झालेल्या क्रोकोडाइल बँकेत जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी आपल्या याच जातीच्या मगरींवर प्रयोग केले. ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. अंडी २८ ते ३१ अंश या स्थिर तापमानांना उबवली तर सर्व माद्या निपजल्या. ३२.५ अंशांना सर्व नर निपजले. त्याच्या आगेमागे दोन्ही निपजले. म्हणजे अख्ख्या पिढीतील नर-माद्यांचे प्रमाण अवघ्या दीड अंशावर लोंबकळत असते. तापमापीवरील ही पट्टी किती अरुंद आहे, हे तुमच्या प्रयोगशाळेतील तापमापी हातात घेऊन पाहा.

सुमारे दोन-अडीच महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्ले अंड्यातूनच आवाज करू लागतात. मादी तो ऐकते, माती उकरते आणि बित्तीभर पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. हाड मोडणारा तोच जबडा अंड्याचे कवच हलकेच दाबून पिल्लू बाहेर काढतो. जबड्याच्या कडेला स्पर्श टिपणारे असंख्य बारीक ठिपके असतात. त्यांमुळे तिला दाबाचा अंदाज येतो. या जातीत नरही पिल्लांना पाण्यापर्यंत नेताना पाहण्यात आला आहे. एवढे करूनही बगळे, घोरपडी, मोठे मासे आणि इतर मगरी यांच्या तावडीतून फार थोडी पिल्ले मोठी होतात.

काठ गेला तर?

आता विचार करा. एखाद्या तलावात पाणी भरपूर आहे, मासे आहेत, कोणी शिकार करत नाही. पण सभोवार काठ दगडांनी बांधून काढला, वर काँक्रीट ओतले, दिवे लावले. मगरींचे काय होईल? त्या लगेच मरणार नाहीत. मगर पुष्कळ वर्षे जगते. त्यामुळे पुढची काही वर्षे तलावात मगरी दिसत राहतील आणि सारे ठीक आहे असे आपल्याला वाटेल. पण त्यांना ऊन घ्यायला निवांत उतार उरणार नाही. अंडी घालायला मऊ माती उरणार नाही. जी थोडी माती उरेल तिच्यावरची झाडी गेल्यामुळे तिचे तापमान वाढेल, आणि दीड अंशाने काय होते ते आपण आताच पाहिले. तलाव तसाच राहील आणि मगरींची पुढची पिढी मात्र येणार नाही.

हा प्रश्न पवईला प्रत्यक्ष उभा राहिला. मुंबई महापालिकेने तलावाच्या कडेने सायकल चालवण्यासाठी व धावण्यासाठी मार्ग बांधायला घेतला होता. आय. आय. टी.तील संशोधक विद्यार्थी न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले आणि केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. शहरातल्या माणसांना फिरायला, सायकल चालवायला मोकळी जागा हवी, यात शंका नाही. पण ती जागा पाण्याच्या कडेलाच असली पाहिजे असे नाही. मगरीला मात्र दुसरी जागा नाही. शिवाय सांडपाण्यामुळे जलपर्णी वाढते, गाळ साचतो, प्लॅस्टिक काठाला लागते. हे प्रश्न न्यायालयाच्या एका निकालाने सुटणारे नाहीत.

एकेकाळी कातड्यासाठी मगरींची बेसुमार शिकार झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले आणि १९७५ मध्ये भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. बंदुकीपासून मगर वाचली. आता तिला वाचवायचे आहे ते सिमेंटपासून.

शेजाऱ्याशी कसे वागावे?

मगर आणि माणूस जवळ राहतात अशा जागा आपल्याकडे अनेक आहेत. सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबरच्या परिसरात कृष्णेत मगरी आहेत आणि तेथे माणसांवर हल्लेही झाले आहेत. चिपळूणला २०२४ च्या पावसात एक मगर चक्क रस्त्यावरून चालत गेली. ज्या बडोद्यात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्या शहराच्या मधून वाहणाऱ्या विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत. २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांत शिरल्या होत्या. गोव्यात खाडीकाठच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. या विधीला ‘मांगे थापणी’ म्हणतात. ज्या प्राण्याची भीती वाटते त्याला नमस्कार करून आपल्या मर्यादेत राहण्याची ही जुनी रीत आहे.

आपण शास्त्राचे विद्यार्थी आहोत, तेव्हा नमस्काराबरोबर काही नियमही पाळू. मगर असलेल्या पाण्यात उतरू नये, पाय सोडून बसू नये, कपडे-भांडी धुऊ नयेत. मांसाचा वा माशांचा कचरा काठावर टाकू नये, कारण त्यामुळे मगर माणसाच्या वावराच्या जागी यायला शिकते. उन्हात पडलेल्या मगरीला दगड मारू नये; तिचा तीन तासांचा हिशेब तुम्ही एका दगडाने पाण्यात बुडवता. मिलनाच्या व अंड्यांच्या काळात, म्हणजे थंडीपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, अधिक सावध राहावे. लहान पिल्लू सापडले तर ते घरी आणू नये, वनखात्याला कळवावे. मगर बाळगणे हा गुन्हा आहे.

करून पाहा

मातीतील उष्णतेची लाट तुम्हाला शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात मोजता येईल. शिक्षकांच्या मदतीने ५, १५ आणि ३० सेंटिमीटर खोलीचे तीन अरुंद खड्डे करा. तीन तापमापी घेऊन प्रत्येकीच्या फुग्याभोवती थोडे मेण लावा, म्हणजे वाचन घेण्यासाठी बाहेर काढल्यावर पारा लगेच उतरणार नाही. त्यांना दोरा बांधून त्या खड्ड्यांत सोडा व माती हलकेच लोटा. काचेच्या आहेत, जपून. चौथी तापमापी पृष्ठभागावर ठेवून तिच्यावर चिमूटभर माती टाका. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर दोन तासांनी वाचने घ्या आणि आलेखकागदावर चार रेषा काढा. कोणती रेषा सर्वांत सपाट येते? प्रत्येक खोलीवर सर्वांत जास्त तापमान किती वाजता येते? दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग झाडाखालच्या सावलीत करा आणि ३० सेंटिमीटरवरील दोन तापमानांची तुलना करा. फरक दीड अंशाहून जास्त आला, तर मगरीच्या मादीला जागा निवडताना किती विचार करावा लागत असेल ते तुमच्या ध्यानात येईल.

आता दोन प्रश्न वहीत सोडवा. पहिला : वरच्या उदाहरणातल्या मगरीच्या दुप्पट लांबीची, त्याच आकाराची मगर असेल तर तिचे वजन किती आणि तिला एक अंशाने तापायला किती मिनिटे लागतील? दुसरा : तुमच्या घराजवळचा तलाव, नदी किंवा नाला पाहा. त्याचा किती काठ मातीचा उरला आहे आणि किती बांधून काढला आहे, याचा पावले मोजून नकाशा काढा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणिताने मिळेल. दुसऱ्याचे उत्तर घेण्यासाठी बाहेर पडावे लागेल. तो नकाशा वर्गात भिंतीवर लावा आणि दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा काढून घ्या.